पिल्लं उतरेपर्यंत

शालू, तुझी ती बाई अजून जिवंत आहे.

सकाळी उठल्यावर मी आधी तिच्याकडे जाते, चहा नंतर. ओट्यावरच्या फळीवर, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, मलमलीच्या झाकणाखाली ती आठही पाय दुमडून पाचोळ्याच्या थरावर बसलेली असते आणि पाठीवर तिची सगळी पिल्लं. इतकी खेटून बसली आहेत की पाठ दिसतच नाही. काल वाटलं, दोनचार उतरली. दुपारी बघते तर परत चढलेली. मी बरणी उचलते, फिरवते, खाली ठेवते, कणीक मळायला घेते आणि पिठाचे हात घेऊन पुन्हा बघायला जाते. हे म्हणतात, "अवं, बस न जराशी." कशी बसू? मला बसवणारी तू होतीस.

तुला जाऊन आठवडा होत आला आणि या आठवड्यात माझ्या हातून एक काम धड पुरं झालेलं नाही. शाळेत फळ्यावर अर्धी आकृती काढते आणि खिडकीशी जाऊन उभी राहते. पोरी एकमेकींकडे बघतात. कुणी काही विचारत नाही, कारण या शहरात आजकाल कुणी गप्प झालं की लोक कारण विचारायला घाबरतात.

तुझ्या भावाने कोल्हापूरहून फोन लावला तेव्हा तुमच्या घरी तो मीच उचलला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "गोळी लागली का हो?" मी म्हटलं, "नाही हो, वर्गात शिकवत होती. डोक्यातली शीर फुटली." मग तो म्हणाला, "म्हणजे आपलं नेहमीचंच." बिचाऱ्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं, पण राग आला. त्याचा नाही, तुझा. एवढी वर्षं मी तुला मनातल्या मनात कुठे कुठे मरताना पाहिलं होतं. सतरा सेक्टरच्या बस अड्ड्यावर, वाळूच्या पोत्यांच्या नाक्यावर, भाजी घेताना. वर्गात, हातात खडू घेऊन, पंख्याखाली, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी भलत्याच दारावर पहारा देत बसले आणि तू मागच्या दाराने गेलीस.

आपली ओळख झाली ती मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात. इथे मराठी माणसं ती किती? बदलीवर आलेली सरकारी बिऱ्हाडं, इस्पितळातले काही डॉक्टर, विद्यापीठातले मोजके प्राध्यापक. संक्रांतीला सगळ्या जणी काळ्या साड्या नेसून जमायच्या आणि चमचे, गाळण्या, कंगवे असं वाण लुटायच्या. तू त्या वर्षी नवीन होतीस. प्राणिशास्त्राची प्राध्यापक आहे म्हणून बायका जरा दबूनच होत्या. तुझी पाळी आली तेव्हा तू पिशवीतून फोटोच्या रोलच्या रिकाम्या काळ्या डब्या काढल्यास आणि हळदीकुंकू लावून प्रत्येकीच्या हातात एकेक ठेवलीस.

"यात काय ठेवायचं?" कुणीतरी विचारलं.

"कोळी," तू म्हणालीस. "घरात, बागेत, कुठं दिसला की ह्यात घालून मला आणून द्यायचा. चपलेनं मारायचा नाही. मारायचा झाला तर मी मारतो."

त्या 'मारतो'ला बायका तोंडावर पदर धरून हसल्या. तुम्ही कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलता हे त्यांना कुठे ठाऊक? एका बाईंनी डबी तिथेच खुर्चीखाली सरकवून दिली. पण महिन्याभरात तुझ्या दारात डब्या यायला लागल्या. एकीत झुरळ, एकीत पालीची शेपटी, एकीत नुसताच कापूस. माझ्या डबीत मात्र खरोखर कोळी होता आणि मी मोठ्या ऐटीत तो घेऊन आले होते. शाळेत जीवशास्त्र शिकवणारी मी. मला वाटलं, आता बाई शाबासकी देणार. तू गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलंस आणि म्हणालीस, "हा भिंतीवरचा. कुठल्याही घरात मिळतो. मला जमिनीवरची पायजे, जाळं न विणणारी."

तुझ्या गळ्यात मंगळसूत्र क्वचित, काळ्या दोऱ्यातलं ते भिंग कायम. जयंतरावांना मी एकदा म्हटलंही होतं, की तुमचं लग्न त्या भिंगाशी लागलंय. ते बिचारे हसले होते. तुझे मिस्टर कमी बोलणारे.

त्यानंतरच्या रविवारी तू मला नाल्याकाठच्या जुन्या आमराईत घेऊन गेलीस. शहर वसायच्या आधी तिथे गाव होतं म्हणतात. गाव गेलं आणि झाडं तेवढी राहिली. खाली वर्षानुवर्षांचा पाचोळा. वर वाळकी पानं, त्याखाली ओलसर, त्याखाली काळी झालेली, आणि सगळ्यात खाली ज्याला पान म्हणावं की माती ते कळू नये असं काही भुसभुशीत. तू जुनी पांढरी चादर पसरलीस, गहू चाळायच्या चाळणीत पाचोळ्याचा ओंजळभर थर घेतलास, हलवलास आणि चादरीवर जे पडलं त्याच्यासमोर मांडी घालून बसलीस. मी वाकून इकडे तिकडे बोट नाचवायला लागले. हे काय, ते काय. तू माझ्या ओढणीचं टोक तुझ्या गुडघ्याखाली दाबलंस.

"हलू नको. आधी मुंग्या निघतील. मग गोम. जी पहिल्यांदा पळती ती आपली नव्हं. आपली शेवटपर्यंत मेल्यासारखी पडून राहती आणि सगळे गेल्यावर निघती."

"आन् नाही निघाली तर?"

"तर अजून बसायचं."

मला तर एका जागी देवपूजाही होत नाही. उठायला गेले की ओढणी ताणली जायची. मग त्या चादरीवर एक काडी हलली आणि ती काडी नव्हती. माझ्या समोरून ती पळत गेली तरी मला दिसली नाही. तू झडप घालून तिला डबीत घेतलंस आणि माझ्याकडे बघून म्हणालीस, "कुंदे, डोळे हाईत का बटणं?"

ते वाक्य मी नंतर किती वेळा ऐकलं त्याला गणतीच नाही.

लांडगा कोळी, जाळं न विणता धावून शिकार धरणारा, ओळखायचा कसा, ते तू मला एखाद्या मंद पोराला शिकवावं तसं शिकवलंस. डोळ्यांवरून. खालच्या ओळीत चार बारीक, त्याच्या वर दोन टपोरे, आणि त्यांच्या मागे, डोक्यावर, आणखी दोन. मादी अंड्यांची गोळी पोटाच्या टोकाला चिकटवून ओढत नेते. जी तोंडात धरून नेते ती दुसऱ्या घरची. पिल्लं बाहेर पडायच्या वेळी आईच गोळीची शिवण उसवते आणि ती तिच्या पायांवरून चढून पाठीवर येतात. एवढ्यापर्यंत मी झटकन शिकले. अडलं ते पुढे, आणि तिथेच आपलं जे भांडण सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही.

तुझं म्हणणं, आमराईतली मादी आणि समोरच्या हिरवळीवरची मादी या दोन वेगळ्या जाती. हिरवळीवरचीच्या पाठीवर फिका पट्टा सलग, आमराईतलीचा तुटक आणि पाय पिवळसर पट्ट्यांचे. माझं म्हणणं, एकच जात. पाचोळ्यात राहून काळवंडली आहे. आमच्या अमरावतीची माणसं उन्हाळ्यात बघ म्हटलं, आणि मग थंडीत बघ. तू म्हणायचीस, वरचा रंग बघून मी पण नाव देत नाही आणि वरचा रंग बघून तू पण एक करू नको. खरी ओळख पोटाखाली असते. वयात आलेल्या मादीच्या पोटाखाली एक बारीक टणक खूण, कुलपाच्या भोकासारखी, प्रत्येक जातीची निराळी. ती नीट पाहायची तर मादी स्पिरिटमध्ये घालून, उताणी करून, सूक्ष्मदर्शकाखाली धरायला हवी.

म्हणजे मारायला हवी.

मी म्हटलं, काहून? काचेच्या ग्लासात घाल, वरून कापसाचा बोळा हलक्या हाताने दाब, पोट तळाच्या काचेला टेकेल, खालून भिंगाने बघ आणि सोडून दे. तू इतकी हसलीस की डोळ्यांत पाणी आलं. "हलणाऱ्याची ओळख पटत नसती गं. भिंगाखाली एक पाय हलला की तुला पायजे ते दिसतं, हाय ते नाही." शेवटी तह झाला तो असा: अंड्यांची गोळी किंवा पिल्लं अंगावर असलेली मादी स्पिरिटमध्ये घालायची नाही. पिल्लं उतरेपर्यंत थांबायचं. हा तह तू कधी मोडला नाहीस, हेही मला इथे सांगितलं पाहिजे. तुझ्या कामाला अशा माद्याच सोयीच्या असायच्या, वयात आल्याची खात्री असलेल्या, आणि तू त्या बरणीत ठेवून माशा भरवत बसायचीस, माझ्या एका शब्दाखातर.

आता मी त्या डब्यांच्या दिवसाबद्दल लिहिणार आहे. तो विषय आपण दोघींनी टाळला, पण आता तुला उठून जाता येणार नाही.

चाळणीने काम सावकाश होतं म्हणून तू वनस्पती तुपाचे रिकामे डबे आणलेस. डबा जमिनीत तोंडापर्यंत पुरायचा, वर पाऊस-पानं पडू नयेत म्हणून चार खड्यांवर एक कौल ठेवायचं. रात्री फिरणारी मादी आत पडते, कडा गुळगुळीत म्हणून वर येता येत नाही. जगभर असंच करतात, तू म्हणालीस. करत असतील. पण जगभर लाउडस्पीकरवरून रोज सांगत नव्हते की बेवारस ट्रांझिस्टरला, डब्याला, खेळण्याला हात लावू नका, आत बॉम्ब असेल. आमराईत आपण दोघी शिकल्यासवरल्या बायकांनी पत्र्याचे डबे जमिनीत पुरले आणि वर कौलं झाकून घरी आलो. हे आपल्याखेरीज दुसऱ्या कुणाला सुचणं शक्य नव्हतं. त्यातही गंमत म्हणजे आपल्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला तर वाटत होतं, पाऊस आला तर कौलं टिकतील का.

रविवारी सकाळी आपण गेलो तर दोर बांधलेला. जीप, पोती, हातात बंदुका घेतलेले जवान, आणि लांब थोपवून धरलेली माणसं. फिरायला आलेल्या कुणालातरी कौलाखाली पत्रा चकाकताना दिसला होता. मी तुझा हात धरायला गेले तर हात नव्हता. तू दोराखालून वाकून आत गेली होतीस, चप्पल फटफट वाजवत, भाजी आणायला निघाल्यासारखी.

कुणीतरी ओरडलं. बंदुका वळल्या. शालू, त्या वळताना मी पाहिल्या, तू नाही पाहिल्यास, तुझी पाठ होती. तू गुडघ्यावर बसलीस, कौल बाजूला केलंस आणि हात कोपरापर्यंत डब्यात घातलास. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा एक सरदारजी इन्स्पेक्टर तुझ्यासमोर उभा होता. पगडीखालून घामाची धार.

"बीबी जी, मरना है क्या?"

"ये मेरे डब्बे हैं जी."

"है क्या इनमें?"

"मकड़ी." आणि तू तळवा उघडलास. "भेड़िया मकड़ी. जाला नहीं बुनती, दौड़के पकड़ती है. पहचानने के लिए पकड़ा है जी."

तो वाकून तुझ्या तळव्याकडे बघायला लागला. मग म्हणाला, "कमाल है. सारा शहर बंदे पहचानने में लगा हुआ है, और आप मकड़ी पहचान रहे हो."

"टाइम लगता है जी पहचानने को," तू म्हणालीस. "जल्दी में गलत हो जाता है."

तो हसला नाही. कुठे अतिरेकी नाव विचारून माणसं बसमधून उतरवत होते, कुठे पगडी बघून माणसं उचलली जात होती. त्याला दोन्ही बाजूंचं भय असणार. तो देवाची आण घालून एवढंच म्हणाला, "घर जाओ, बीबी जी. रब दा वास्ता." जवानांनी सगळे डबे उपटून पाण्यात बुडवले, आधीच्या माद्या स्पिरिटमध्ये साठवलेल्या कुप्यांची तुझी पेटीही जमा केली, आणि पुढच्या आठवड्यात आमराईला काटेरी तारेचं कुंपण पडलं.

तुझ्या स्वयंपाकघरात पाणी पिताना माझा बांध फुटला. तुला मिनीचं काही वाटत नाही का? पोरीला आई नको का? त्यांनी घोडा ओढला असता तर? तू म्हणालीस, "ते डबे उडवून देणार होते, कुंदे. आत सात-आठ जिवंत होत्या." आणि मग मी म्हटलं ते म्हटलं. म्हटलं, तू तरी काय करणार होतीस? तुलाही ओळख पटवायला मारावंच लागतं. मग त्यांच्यात आणि तुझ्यात फरक काय?

तू ग्लास विसळून पालथा घातलास.

मी ते शब्द परत घेत नाही. घाबरले होते म्हणून बोलले, आणि घाबरलेल्या माणसाला एवढा हक्क असतो. पण मला उत्तर हवं होतं. मी वाट बघत होते. तुझ्याजवळ उत्तर नसेल असं मला कधीच वाटलं नाही; तू पाचोळा ओतून बसल्यासारखी बसली असशील, सगळं पळून गेल्यावर जे निघेल ते बघत. मी आयुष्यात पहिल्यांदा धीर धरला, तर तू निघून गेलीस.

हे लिहिता लिहिता मी पुन्हा उठून फळीपाशी जाऊन आले. काही पिल्लं काचेवर चढली आहेत. आई हललेली नाही.

मध्ये बरेच दिवस आपलं येणं-जाणं बंद होतं. मग या चैत्रात तू एका संध्याकाळी दारात उभी राहिलीस, हातात ही बरणी. केसांत पानाचे तुकडे, ओढणीला मातीचा डाग. कुंपणाबाहेर झाडूवाल्यांनी आमराईतला पाचोळा लोटून ढीग लावला होता आणि ते काडी लावणार तेवढ्यात तू त्यांना थांबवून हातांनी तो ढीग उपसला होतास. त्यात ही. तुटक पट्टा, पायांवर पिवळसर पट्टे, मागे अंड्यांची गोळी.

"घरात मिनी किंचाळती. तुझ्याकडं असू दे," म्हणालीस. जणू आपण कालच भेटलो होतो. मी पण म्हटलं, "ठेव न." चहा केला. तू बशीत ओतून प्यायलीस. जाताना दारात वळून म्हणालीस, "पिल्लं उतरली की मला हाक मार. स्पिरिट घेऊन मी येतो."

चार दिवसांनी तू वर्गात पडलीस.

तुझ्या अंत्ययात्रेला फार लोक नव्हते. अंधाराच्या आत घरी पोचायचं म्हणून सगळी घाई. गुरुजी मंत्र भरभर म्हणत होते, आणि मला वाटत होतं, तू आता त्यांच्या धोतराचं टोक गुडघ्याखाली दाबणार. दुसऱ्या दिवशी सकाळी बरणीत गोळीची शिवण उसवलेली होती. मी फळीपुढे उभी राहून रडले, आणि रडताना माझ्या तोंडून निघालं, "शालू, आली गं." हाक मारायची ती पिल्लं उतरल्यावर. मी आधीच मारली.

तेव्हापासून मी ही अशी येरझारा घालते आहे. शब्द दिलेला आहे. पिल्लं उतरली की स्पिरिट. ही आमराईतली शेवटची मादी आहे. कुंपणाच्या आत आता कुणी सोडत नाही आणि बाहेरचा पाचोळा जळून गेला. हिला मी मारली नाही तर तुझं एवढ्या वर्षांचं काम अर्धंच राहील, दोन जाती की एक ते कुणाला कधी कळणार नाही. मारली, तर ज्या गोष्टीसाठी मी तुझ्याशी भांडले ती माझ्याच हाताने, तुझ्यामागे, माझ्या ओट्यावर होणार. तू असतीस तर मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसले असते आणि तुला शिव्या घातल्या असत्या. तेवढी सोय होती तुझी.

इथपर्यंत लिहिलं आणि दुपारी दाराची कडी वाजली. मिनी. तुझी पोर गेल्या आठवड्यात कुणाशीच बोललेली नाही. घरात जयंतराव बदलीचे कागद घेऊन बसलेत, ती खिडकीत बसते. आज तुझी कापडी पिशवी घेऊन आली होती. पिशवीत तुझे चिमटे, स्पिरिटची बाटली, आणि इस्पितळातून परत मिळालेलं भिंग, काळ्या दोऱ्यासकट.

"मौसी, ये आपके पास होना चाहिए," ती म्हणाली. मग तिचं फळीकडे लक्ष गेलं. कोळ्याला पाहून दोन खोल्या पलीकडे पळणारी पोर, पण आज पुढे गेली. "यही है? मम्मी वाली?"

"हो. हीच."

"इसकी पीठ पे तो कुछ नहीं है."

मी धावले. खरंच नव्हतं. पिल्लं काचेवर, मलमलीवर, पानांच्या कडेला, सगळीकडे. पाठीवर एकही नाही. तुटक पट्टा स्वच्छ दिसत होता. मी सकाळपासून शंभर वेळा बघितलं आणि नेमकी लिहीत बसले होते तेव्हा ती उतरून गेली.

मलमल सोडून आम्ही पिल्लं मागच्या अंगणात, आंब्याच्या बुडाशी सोडली. जरा वेळात ती पानांखाली दिसेनाशी झाली. मग आई, बरणी आणि बाटली ओट्यावर. मी बाटलीचं बूच काढलं. वास आला, तुझ्या हातांना यायचा तो. मिनी बघत होती.

"इसको मारना है?"

मी तिला तह सांगितला. सगळं सांगितलं, दोन पट्टे, पोटाखालची खूण, तुझं म्हणणं, माझं म्हणणं, कापूस. डब्यांचं सांगितलं. स्वयंपाकघरात मी काय बोलले तेही. मी बोलत सुटले होते आणि मला थांबता येत नव्हतं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "कापूस वाला कभी करके देखा आप लोगों ने?"

नाही. एवढी वर्षं त्यावरून भांडलो, पण करून कधी पाहिलं नाही. तुला हसण्यात आणि मला रागावण्यात वेळच मिळाला नाही.

मी देवघरातल्या वातींचा कापूस आणला. काचेचा पेला, चिमटा. मादी पळाली, ओट्याच्या कडेपर्यंत गेली, आणि तुझी पोर न किंचाळता तळवा आडवा धरून उभी राहिली. मी तिला पेल्यात घेतलं, बोळा हलकेच दाबला, पोट काचेला टेकलं, आणि पेला खिडकीकडे उचलून धरला. मिनीने भिंग गळ्यात घातलं आणि खालून बघायला लागली. मी म्हटलं, आता मला दे. ती देईना. मी ओढलं तेव्हा दिलं.

होती, शालू. कुलपाच्या भोकासारखी. क्षणभर लख्ख दिसली आणि मग तिने पाय हलवला. मला तर ती हुबेहूब हिरवळीवरच्या मादीसारखी वाटली, तू मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली होतीस तशीच.

"एकच आहे," मी म्हटलं. "मी सांगतच होते."

"नहीं मौसी. मम्मी के ड्रॉइंग में घास वाली का नीचे से गोल था. इसका नुकीला है."

"गोलच आहे. ती हलली म्हणून तुला टोकदार दिसलं."

"हलली तो आपको भी हलली ना." तिने भिंग परत घेतलं, डोळ्याला लावलं, बराच वेळ श्वास रोखून बघितलं. मग भिंग खाली करून माझ्याकडे वळली. तुझ्यासारखी हनुवटी, तुझ्यासारखीच एक भुवई वर. आणि ज्या पोरीने माझ्याशी जन्मात मराठीत उत्तर दिलेलं नाही, ती म्हणाली,

"मावशी, डोळे हाईत का बटणं?"

मी हसले. हसता हसता पेला हातातून सुटतो की काय असं झालं आणि मग आम्ही दोघी तिथेच ओट्याला टेकून खाली बसलो, आणि ती रडली. आठवडाभराचं रडली. मीही. मग तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "फिर से देखते हैं."

स्पिरिटच्या बाटलीला मी बूच लावून ती पिशवीत ठेवली आहे. मिनी अजून इथेच आहे, पाटावर पेला ठेवून, हिरवळीवरची एक धरून आणायला पाहिजे म्हणते, शेजारी शेजारी ठेवून बघायला. मी म्हणते, कशाला, माझ्या लक्षात आहे चांगली. ती म्हणते, लक्षात काय आहे ते दिसतंयच. पाय हलतात, भिंग धुरकटतं, आमचं काही एकमत होत नाही.

तू मात्र आता मध्ये बोलू नकोस.